चक्कीवाल्याचं घोरणं

मी फिजिऑलॉजीत एम.डी. करत होते तेव्हा आमच्या विभागात लोक झोपायला येत. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी पोटभर जेवल्यावर डोळा लागणं मुळीच अवघड नाही, आणि आमच्या सरांनी नेमकं तेच हेरलं होतं. परदेशात या कामासाठी माणसाला रात्रभर निजवून त्याच्या अंगाला तारा लावतात, असं त्यांनी लायब्ररीतल्या जर्नलमध्ये वाचलं होतं. आमच्याकडे तसली यंत्रं नव्हती आणि रात्री विभाग उघडा ठेवायची परवानगीही नव्हती. म्हणून सर म्हणाले, आपण दुपारची झोप तपासू.

आजार तसा समजायला सोपा आहे. झोपेत काही माणसांचा घसा आतून मिटतो. छाती हवा ओढायला धडपडत राहते, पण हवा आत जात नाही. मग माणूस अर्धवट जागा होतो, मोठ्यानं घोरत श्वास ओढतो आणि पुन्हा झोपी जातो. रात्रभर हेच चालतं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. डोकं दुखत असतं, आणि एवढं झोपूनही झोप झालेली नसते. मग तो दिवसभर पेंगतो, आणि लोक त्याला आळशी म्हणतात.

माझ्या प्रबंधाचा विषय सरांनी ठरवून दिला होता: घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या प्रौढ पुरुषांचा झोपेतला श्वास. पुरुषांचाच, कारण तेव्हाची पुस्तकं हा आजार बहुतेक जाड्या पुरुषांचा मानत. विषय विद्यापीठाकडे गेला, मंजूर होऊन आला, आणि मागच्या एका खोलीत आम्ही लोखंडी खाट टाकली. खिडकीला खसाचा कूलर लावला. खाटेशेजारी आमचं रेकॉर्डिंगचं ड्रम, म्हणजे काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं, संथ फिरणारं एक नळकांडं. माणसाच्या छातीभोवती रबरी नळी बांधायची, तिला जोडलेली काडी काजळीवर छातीच्या लाटा काढत जाते. नाकाखाली एक बारीक मणी चिकटवायचा. उच्छ्वासाची ऊब लागली की त्याला जोडलेला काटा हलायचा, आणि काटा हलला की मी एक बटण दाबायचं. त्याची खूण लाटांच्या खाली उठायची. वर छातीच्या लाटा, खाली नाकातल्या हवेच्या खुणा. दोन्ही बरोबर चालल्या तर श्वास ठीक. लाटा आहेत पण खुणा नाहीत, तर घसा मिटला.

कागद काजळायचं कामही माझ्याकडेच. घरी आले की आईला माझ्या साडीवर कुठेतरी काळा डाग हमखास सापडायचा. एवढं शिकून चुलीपाशीच बसवलं का तुला, असं ती विचारायची.

आमच्याकडे येणाऱ्या पुरुषांना बहुधा त्यांच्या बायका घेऊन येत. पुरुषाला स्वतःला काही तक्रारच नसायची. मी घोरतो हे त्याला मुळात मान्यच नसायचं. बायको मात्र सगळं सांगायची, कधी हसत, कधी डोळ्यांत पाणी आणून. त्यामुळे माझे प्रश्न मी पुरुषाला विचारत असले तरी उत्तरं बायकोकडे बघून लिहायची सवय मला लागली होती.

नागपूरजवळच्या कुही गावाकडचे एक चक्कीवाले आले तेव्हा ही सवय चालली नाही. पन्नाशीच्या आतले, अंगानं भरलेले, भुवयांवर पिठाचा पांढरा थर राहिलेला. गावात त्यांची पिठाची चक्की होती. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. बायको सोबत होती, पण ती आत आलीच नाही. बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. आत या म्हटलं तर मान हलवून नको म्हणाली.

चक्कीवाले मात्र स्वतःच सगळं सांगत होते, आणि इतकं बारकाईनं की सरही लिहिणं थांबवून ऐकू लागले.

"पहिले घोरणं वाढत जाते जी," ते म्हणाले. "मग एकदम बंद. छाती वरखाली होऊन राहते, पण नाकातून हवाच नाही. ओठ जांभळे पडते. बाजूच्या माणसाले वाटते, आता गेलं. मग फुर्रकन श्वास येते अन् पाय झाडते."

सकाळी डोकं ठणकतं, संध्याकाळी पावलं सुजतात, काम करता करता हातातली वस्तू गळून पडते, हेही सांगितलं. सर माझ्याकडे बघून हसले. पुस्तकातलं पान कुणी वाचून दाखवावं तसं ते वर्णन होतं. मला वाटलं, माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग यांचंच निघणार.

त्यांना खाटेवर निजवलं, नळी बांधली, मणी चिकटवला. बऱ्याच वेळानं झोप लागली. थोडं घोरलेही. पण काटा प्रत्येक श्वासाला हलत होता आणि मी प्रत्येक वेळी बटण दाबत होते. लाटा आणि खुणा हातात हात घालून चालल्या होत्या. कागद व्हार्निशमध्ये बुडवून वाळवला, सरांना दाखवला. त्यांनी तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, झोप गाढ लागली नसेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा.

ते बोलावल्याप्रमाणे पुन्हा आले. बायको पुन्हा सोबत, पुन्हा बाहेरच्या बाकावर. या वेळी येताना ते पोटभर वरणभात खाऊन आले होते. खाटेवर पडले आणि डोळे मिटून स्वस्थ राहिले. मी काट्यावर नजर ठेवून बसले. काही वेळानं घोरणं सुरू झालं. मोठं, खोल घोरणं, कूलरच्या आवाजावरूनही ऐकू यावं असं. मला बरं वाटलं. पण काटा शांतपणे हलत होता, आणि काजळीवरच्या लाटा लहान, सारख्या. असलं घोरणं चाललं असताना अशा लाटा येतीलच कशा, हे मला कळेना. मी वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं होतं. ते घोरत नव्हते.

आवाज दाराबाहेरून येत होता.

मी वर पाहिलं तर चक्कीवाल्यांचे डोळे उघडे. ते दाराकडे बघत होते. आणि तेवढ्यात बाहेरचं घोरणं एकाएकी थांबलं.

मी दार उघडलं. त्यांची बायको भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड उघडं, पदर खांद्यावरून ओघळलेला. छाती आणि पोट आतल्या आत खेचली जात होती, पण आवाज नव्हता, हवा नव्हती. ओठांचा रंग बदलत चालला होता. पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली तरी तिला कळलं नाही. मी हात पुढे करणार, एवढ्यात तिचं सगळं अंग हललं, घशातून मोठा आवाज आला, श्वास आत गेला. डोळे न उघडताच ती पुन्हा घोरू लागली.

सरही त्यांच्या खोलीतून बाहेर आले होते. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. मागून चक्कीवाले आले, नाकाखाली मणी तसाच चिकटलेला, त्याची तार गळ्याशी लोंबत होती. ते हळूच म्हणाले, "उठवू नका जी तिले. झोपू द्या थोडं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हेच सांगत होतो मी."

तेव्हा मला उमजलं. आपले ओठ जांभळे पडतात हे झोपलेल्या माणसाला कसं दिसणार? ते सगळं पाहणाऱ्याचं वर्णन होतं, आणि पाहणारे हे होते.

सरांनी त्यांना आपल्या खोलीत बसवून पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. घर लहान, मधे एकच भिंत. पलीकडे त्यांची आई निजायची. पोरानं रात्रभर घर डोक्यावर घेतलं, असं ती रोज सकाळी म्हणायची. घोरणं सुनेचं असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि यांनीही तिला कधी सांगितलं नाही. गावात थट्टा व्हायची ती यांची व्हायची. चक्की रात्रीही चालू ठेवतो म्हणून लोक हसायचे. हे पण हसायचे.

बायकोच्या दिवसाच्या झोपेला मात्र यांना पांघरूण घालता येत नव्हतं. पोळी तव्यावर जळायची, दूध उतू जायचं. चक्कीच्या पट्ट्याजवळ पेंगताना दिसली तेव्हापासून यांनी तिला चक्कीवर येऊ देणं बंद केलं होतं. थोरल्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पाहुणे समोर बसलेले असताना तिचं डोकं एका बाजूला कललं. यांनी तिला ताप आहे असं सांगून आत नेलं. पाहुणे काही बोलले नाहीत, पण घरच्या बायका बोलल्या. बाईला झोपेपुढे लेकही दिसत नाही, असं. ती ते ऐकून घ्यायची, कारण तिला स्वतःलाही ते खरंच वाटायचं.

सरांनी विचारलं, मग सरळ तिलाच तपासायला का नाही आणलंत?

चक्कीवाल्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई माणूस घोरते, हे कोणाले सांगू जी? गावच्या डॉक्टरनं सांगतलं, नागपूरले घोरणाऱ्या माणसांची तपासणी होऊन राहिली. मी म्हटलं, मीच जातो. मले औषध दिलं तर तिले देईन."

सरांनी चष्मा काढून पुसला. मी आयुष्यात अनेक हुशार माणसांना खोटं बोलताना ऐकलं आहे, पण असं खोटं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही क्वचितच ऐकलं.

बाई जागी झाली तेव्हा फार ओशाळली. "जरासा डोळा लागला," म्हणत तिनं पदर सावरला. मी तिच्याशेजारी बाकावर बसले आणि तिला सांगितलं की हा आळस नाही, आजार आहे, आणि झोपेत तुमचा घसा मिटतो. तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे मी मुद्दाम नाही करून राहिली?" मी नाही म्हटलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

दुसऱ्या दिवशी तिला खाटेवर निजवलं. नळी बांधून होते न होते तोच तिला झोप लागली. माझं बोट बटणावर होतं आणि काटा हलत नव्हता. काजळीवर लाटा उंच उंच होत चालल्या होत्या, खाली मात्र नुसती सरळ रेघ. मी दोनदा तिला उठवायला उठले. सर माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, थांबा, ती स्वतः श्वास घेईल. ती घ्यायची, आणि पुन्हा तेच सुरू व्हायचं. त्या वर्षी आम्ही पाहिलेल्या सगळ्या पुरुषांमध्ये इतकं वाईट रेकॉर्डिंग एकाचंही नव्हतं. आणि ते माझ्या प्रबंधात घालता येणार नव्हतं, कारण विषयात पुरुष असं लिहिलेलं होतं. मी सरांना हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, प्रबंधाचं नंतर बघू, आधी हिचं बघू.

बघण्यासारखं तेव्हा फार नव्हतं. आज नाकावर मास्क लावून हवा देणारं यंत्र मिळतं. तेव्हा तशा प्रयोगाची एक बातमी सरांनी जर्नलमध्ये नुकती वाचली होती, पण यंत्र कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आम्ही तिला वजन कमी करायला सांगितलं आणि उताणं झोपू नका म्हणून सांगितलं. नवऱ्यानं तिच्या झोपायच्या पोलक्याला पाठीवर खिसा शिवून त्यात सुपाऱ्या भरल्या. म्हणजे उताणी झाली की टोचतील. ती सुपाऱ्यांवरही गाढ झोपली. पायांची सूज वाढत चालली, हृदयावर ताण दिसू लागला. मग राहिला तो एकच उपाय, गळ्याला समोरून भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं. रात्री नळी उघडी ठेवायची म्हणजे हवा मिटलेल्या घशाच्या खालून सरळ आत जाते. दिवसा बूच लावायचं म्हणजे माणूस नेहमीसारखा बोलतो.

कान-नाक-घसा विभागातले सर्जन आधी तयार होईनात. घोरण्यासाठी गळा कापायचा, हे त्यांच्या पचनी पडेना. सरांनी वाद घातला नाही. त्यांना एका दुपारी आमच्या खोलीत बोलावलं आणि खुर्ची दिली. ती झोपली, आणि सर्जन बघत बसले. थोड्या वेळानं त्यांना बसवेना. ते उठून तिच्या उशाशी जाऊन उभे राहिले. खोलीबाहेर पडताना म्हणाले, ऑपरेशन मी करतो, पण तिची स्वतःची तयारी हवी.

ते विचारायचं काम माझ्याकडे आलं. चक्कीवाले म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. मी म्हटलं, मला त्यांनाच विचारू दे. मी नळी दाखवली, बूच लावून दाखवलं. तिनं नळी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"बोलता येईन?" तिनं विचारलं.

दिवसा येईल, मी म्हटलं.

"पदरानं झाकता येईन?"

येईल, पण रात्री नळी उघडी असताना हवा जायला हवी, म्हणून तेव्हा पदर सैल ठेवावा लागेल.

तिनं बूच लावून पाहिलं, काढून पाहिलं. नवरा तिच्याकडे बघत होता. शेवटी ती म्हणाली, "करा. मले जागं राहाचं आहे. दुसऱ्या पोरीच्या साक्षगंधाच्या वेळेस तरी."

आता सासूपासून लपवणं शक्य नव्हतं. चक्कीवाल्यांनी घरी जाऊन काय सांगितलं, कसं सांगितलं, ते मला ठाऊक नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर एक म्हातारी खाटेशेजारी स्टुलावर बसलेली. बाई झोपली होती. गळ्यातल्या नळीतून हवा मऊ सूं सूं करत येत-जात होती. चेहऱ्यावर कसलीही ओढाताण नव्हती. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, रात्रभर अशीच, कूससुद्धा बदलली नाही. म्हातारी एकटक सुनेकडे बघत होती. मग तिनं लेकाला हळू आवाजात विचारलं, "एवढे वर्सं काहून लपवलं रे तू? मले सांगतलं असतं, तर मी काय खाल्लं असतं तिले?"

मला त्या म्हातारीचं वाईट वाटलं. सुनेला लागेल असं ती बोलत आली होती हे खरं, पण खरं काय ते तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दुपारी मी पुन्हा गेले तेव्हा ती सुनेच्या पावलांवर बोट दाबून सूज उतरली का ते बघत होती.

बाई जागी झाली ती दुसऱ्याच कुणासारखी. डोळे मोठे वाटत होते. नळीला बूच लावल्यावर पहिलं वाक्य ती बोलली ते डोक्याबद्दल होतं. डोकं दुखत नाही, असं ती नवऱ्याला सांगत होती. हे सांगताना ती हातानं कपाळ चाचपत होती, जणू दुखणं कुठेतरी बाजूला सरकलं असेल.

पुढचं सगळं सुखाचंच झालं असं नाही. नळी रोज काढून धुवावी लागे, उकळावी लागे. चक्कीवाल्यांनी ते काम वॉर्डातच शिकून घेतलं आणि इतक्या निगुतीनं करू लागले की सिस्टर दुसऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्याकडे पाठवू लागल्या. पण घराला लागूनच पिठाची चक्की. दळणाचं उडालेलं पीठ घरभर बसायचं आणि रात्री बूच काढलं की नळीत जायचं. पहिल्या हिवाळ्यात तिला दोनदा छातीत कफ होऊन दाखल व्हावं लागलं. दुसऱ्या वेळी ती रडली. भोक बुजवून टाका म्हणाली. सरांनी तिला समजावलं नाही, फक्त विचारलं की झोप कशी आहे. झोप चांगली आहे, ती म्हणाली, आणि भोक बुजवण्याचं पुन्हा काढलं नाही. शेवटी चक्कीवाल्यांनी चक्की घरापासून हलवून वेशीजवळच्या एका खोलीत नेली. मलमलचा ओला फडका गळ्याला सैल बांधायची युक्ती सर्जननी सुचवली, ती लागू पडली.

माझा प्रबंध पुरुषांवरच झाला. पण सरांनी तिच्यावर वेगळा लेख लिहायला लावला, एकाच रुग्णाचा. त्यात मी बायकांचं घोरणं नवरे सांगत नाहीत असं वाक्य लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं, कारण त्याला पुरावा नव्हता. नंतर त्यांनीच ते जरा बदलून पुन्हा घातलं: स्त्रियांबाबत ही विचारणा मुद्दाम करावी. त्यानंतर आमच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक बायकोलाही मी तिच्या स्वतःच्या झोपेबद्दल विचारायला लागले. बहुतेक जणी हसायच्या. एखादी हसायची नाही.

दोनेक वर्षांनी तपासणीच्या निमित्तानं मी त्यांच्या गावी गेले. एस.टी.तून उतरले तेव्हा भर दुपार होती. गावात चिटपाखरू नव्हतं. घरात चक्कीवाले आणि त्यांची आई दोघंही झोपलेले. बाई पडवीत बसून मलमलचे चौकोनी तुकडे कापून त्यांच्या कडा शिवत होती. अंग बरंच हलकं झालं होतं. मला बघून तिनं सुई खोचून ठेवली आणि ताक आणलं. मी पावलं बघितली, छाती तपासली. सगळं ठीक होतं. घरच्यांना उठवू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं.

"दुपार एवढी मोठी राहते, हे मले ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. "एवढ्या वेळात काय करू, असं व्हाचं पहिले पहिले."

आता काय करता, मी विचारलं. ती सांगू लागली. शेजारच्या दोघीतिघींबरोबर तिनं बांधावर तूर लावली होती. धानाच्या रोवणीला ती स्वतः गेली होती, चिखलात दिवसभर उभी राहिली होती आणि एकदाही डोळा मिटला नव्हता. चक्कीवर दळणाच्या वेळा आता तीच लावून देत होती, आणि कोणत्या घरचं पीठ किती बारीक लागतं हे तिला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक झालं होतं. माझी परतीची वेळ झाली तशी ती डोक्यावर पदर घेऊन थांब्यापर्यंत सोबत आली. रस्ता तापला होता. ती बोलत होती, मधेच थांबून गळ्यावरचा फडका सारखा करत होती, पुन्हा बोलत होती. बस आली तरी तिचं सांगून झालं नव्हतं. मी चढून खिडकीशी बसले, तर खाली उभी राहून ती मला तुरीबद्दल अजून काहीतरी सांगतच होती.